पाळक बदलताना: मंडळीत नव्याने जबाबदारी घेतलेल्यांसाठी

चर्चमधली उपासना संपते, आशीर्वाद होतो, आणि लोक उठायच्या आत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात, "दोन मिनिटं बसा, एक गोष्ट सांगायची आहे." त्या दोन मिनिटांत कोणाचे डोळे भरून येतात, कोणी ही बातमी आधीच कुजबुजीत ऐकलेली असते, कोणी मनातल्या मनात पुढच्या नावांचा विचार सुरूही केलेला असतो. याच वर्षी समितीवर आलेले तुम्ही दाराशी उभे असता, आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण तुम्हालाच विचारतो: "आता पुढं काय?"

माझ्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या समुदायात, मी पाळक बदलताना तीनदा पाहिलं, त्यातल्या दोन वेळा चिटणीस म्हणून. पहिल्या वेळी नवा पाळक शोधायच्या घाईत आम्ही जाणाऱ्याला नीट जाऊ दिलं नाही, आणि मधल्या काळात माणसं सांभाळली नाहीत. निवड चांगली झाली, तरी त्या दोन चुका पुढची चार वर्षं निस्तरत बसलो. म्हणून या लेखात निवडीला जागा कमी आहे आणि निरोपाला व मधल्या काळाला जास्त.

आधी कळून घ्या: निर्णय कोणाचा?

पहिल्या आठवड्यात मंडळीची घटना किंवा नियमावली कपाटातून काढा आणि पाळकाविषयीची कलमं स्वतः वाचा. "आपल्याकडे असंच असतं" हे वाक्य तुम्हाला खूप ऐकू येईल, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी थोड्यांनीच ती कलमं वाचलेली असतात.

पद्धती एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. कॅथलिक चर्चमध्ये धर्मग्रामाचे (पॅरिशचे) धर्मगुरू बिशप नेमतात. १९८३ च्या कॅनन कायद्यात (कॅथलिक चर्चच्या धर्मकायद्यात) धर्मगुरूंनी ७५ वर्षं पूर्ण झाल्यावर आपला राजीनामा बिशपांकडे द्यावा, अशी विनंतीही लिहिलेली आहे. मेथडिस्टांत फिरतं पाळकपण त्यांचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या काळापासून आहे. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी तर १८०४ मध्ये एका ठिकाणी सलग दोन वर्षांहून जास्त नेमणूक नको, अशी मर्यादाच घातली होती. ती पुढे सैल झाली, पण पाळकाला 'पाठवतात' ही कल्पना टिकली. प्रेसबिटेरियन मंडळी पाळकाला 'बोलावणं' देते आणि त्याला प्रेसबिटरीची, म्हणजे परिसरातल्या मंडळ्यांच्या वरच्या सभेची, मंजुरी लागते. बॅप्टिस्ट आणि स्वतंत्र मंडळ्यांत सभासदांचं मत अंतिम असतं. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये १९८६ च्या कायद्याने धर्मग्रामाला आपल्या गरजांचं लेखी निवेदन करायचा आणि आपले दोन प्रतिनिधी नेमायचा अधिकार दिला.

हा भेद किरकोळ वाटत असेल तर १८४३ आठवा. स्कॉटलंडमध्ये जमीनदार आश्रयदाते मंडळीच्या इच्छेविरुद्ध पाळक लादू शकत होते. त्यावरचा वाद दहा वर्षं चिघळला, आणि शेवटी थॉमस चामर्स यांच्या पुढाकाराने साडेचारशेहून अधिक पाळक आपली घरं आणि उत्पन्न सोडून चर्च ऑफ स्कॉटलंडमधून बाहेर पडले. लोकांना आपला पाळक कोण हे इतकं मनाला लागतं.

तेव्हा तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे पहिल्याच सभेत लोकांना स्पष्ट सांगा. बिशप पाठवणार असतील तर मतदानाची भाषा बोलू नका. मतदान असेल तर दोन-चार घरांत बसून नाव ठरवू नका.

बातमी सांगण्याची रीत

इ.स. ४२६ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन म्हातारे झाले होते. त्यांनी लोकांना चर्चमध्ये बोलावलं आणि आपल्यामागे एराक्लियस यावा ही इच्छा सगळ्यांसमोर बोलून दाखवली. लेखनिक शब्द न् शब्द टिपत होते. ऑगस्टीननी तसं करण्याचं कारणही सांगितलं: शेजारच्या मिलेविस गावच्या बिशपांनी आपला उत्तराधिकारी फक्त धर्मगुरूंना सांगितला होता, लोकांना नाही, आणि त्यांच्या मृत्यूनंतर तिथे काही जण दुखावले गेले. सोळाशे वर्षं झाली, तरी मंडळ्या याच दगडाला ठेचकाळतात.

तुम्ही असं करा. बातमीचा मजकूर लिहून काढा, अर्ध्या पानाचा. पाळक कधी जाणार, का जाणार (जेवढं सांगता येतं तेवढं, पण जे सांगाल ते खरं), शेवटची उपासना कधी, मधल्या काळात कोणाशी बोलायचं. तो मजकूर पाळक आणि समिती दोघांनी वाचलेला असावा. रविवारी तोच वाचा, त्याच दिवशी तोच सगळ्यांना पाठवा. आणि जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना शनिवारी संध्याकाळीच फोन करा. त्यांना ही बातमी तिसऱ्याच्या तोंडून कळू नये.

एक अवघड बाब इथेच बोलतो. पाळक गैरवर्तनामुळे जात असतील, तर 'वैयक्तिक कारणास्तव' या पडद्यामागे लपू नका. ज्याला किंवा जिला इजा झाली आहे त्या व्यक्तीची सुरक्षितता पहिली. प्रकरण वरच्या धर्मसंस्थेकडे न्या. कायदा मोडला गेला असेल तर पोलिसांकडे जा. पीडिताचं नाव सांगायचं नाही, पण काहीतरी घडलं आहे आणि त्याची चौकशी होते आहे हे मंडळीला सांगायचं. अशा माणसाला पुढच्या मंडळीसाठी गोड शिफारसपत्र देऊ नका. त्या पत्रामुळे दुसरीकडच्या मुलाबाळांवर जे ओढवेल त्यात तुमची सही असेल.

निरोप

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, विसावा अध्याय, मंडळीने निरोपाआधी एकत्र वाचावा असं मला वाटतं. पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना (म्हणजे पुढाऱ्यांना) मिलेताला बोलावून घेतो. तीन वर्षांत आपण काय केलं ते सांगतो, पुढच्या धोक्यांची जाणीव देतो, मग गुडघे टेकून सगळ्यांबरोबर प्रार्थना करतो. ते त्याच्या गळ्यात पडून रडतात, कारण आपलं तोंड तुम्हाला पुन्हा दिसणार नाही असं त्यानेच सांगितलेलं असतं. नंतर ते त्याला तारवापर्यंत पोहोचवतात. मला यातलं हे तारवापर्यंत जाणं फार महत्त्वाचं वाटतं. माणूस जातो आहे हे डोळ्यांनी पाहावं लागतं.

निरोप समारंभात भाषणं कमी ठेवा. आमच्याकडे पहिल्या वेळी अकरा जण बोलले. ज्यांच्या घरी पाळकांनी रात्री-अपरात्री धाव घेतली होती, त्यांच्यापैकी एकही नव्हता. दुसऱ्या वेळी आम्ही तिघांनाच बोलायला सांगितलं: एक लहान मुलगी, एक विधुर आणि पाळकांशी अनेकदा मतभेद झालेले मंडळीचे एक वडील. त्या वडिलांनी सर्वांसमोर क्षमा मागितली, पाळकांनीही मागितली, आणि कितीतरी वर्षांचं ओझं तिथे उतरलं.

पाळकांच्या घरच्यांना विसरू नका. त्यांची मुलं शाळा, मित्र, घर सगळं एकदम सोडत असतात, आणि हा निर्णय त्यांनी घेतलेला नसतो. पाळकनिवास रिकामा करण्याची तारीख त्यांच्या सोयीने ठरवा, थकीत पगार आणि निधीची रक्कम शेवटच्या दिवसाआधी द्या. ज्या मंडळीने पाळकाला हिशेबासाठी हेलपाटे घालायला लावले, तिची कीर्ती पुढच्या उमेदवाराच्या कानावर आधीच गेलेली असते.

निरोपानंतर लोकांना दुःख होईल ते होऊ द्या. मोशे गेल्यावर इस्राएल लोकांनी मवाबाच्या मैदानात तीस दिवस शोक केला, असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. यार्देन ओलांडायची होती, देश समोर दिसत होता, नवा पुढारी ठरलेला होता, तरी ते तीस दिवस थांबले.

हस्तांतरणाची वही

हा भाग मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगतो.

किल्ल्या, बँकेतल्या सह्या, पासवर्ड, विम्याचे कागद, इमारतीची कागदपत्रं यांची यादी कोणीही करू शकतं. पाळक असतानाच करा आणि दोघांनी सही करा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्यांत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून तारीख घाला. पुढे कोणाला दाखला हवा असेल तेव्हा ही रेघ कामी येते.

पण पाळकाच्या डोक्यात जे असतं ते कुठल्याच नोंदवहीत नसतं. आमचे पहिले पाळक गेले तेव्हा आम्ही त्यांच्याकडून फक्त किल्ल्या घेतल्या. एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाळक त्यांना घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देत. हे समितीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. तीन महिने कोणी गेलं नाही. चौथ्या महिन्यात त्यांच्या सुनेने मला विचारलं, "आईंना मंडळीतून काढलं का?" आजींनी प्रत्येक पहिल्या आठवड्यात उशाशी पांढरं कापड घडी घालून ठेवलं होतं. तीन महिने ते तसंच उचलून परत ठेवलं गेलं.

म्हणून दुसऱ्या वेळी जाणाऱ्या पाळकांना आम्ही एक वही दिली आणि शेवटच्या सहा आठवड्यांत ती भरायची विनंती केली. डाव्या पानावर नाव, पत्ता, फोन. उजव्या पानावर चार ओळी. त्यातल्या काही मला अजून आठवतात: "उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसून बोलावं." "पती गेल्यापासून मागच्या बाकावर बसतात, पुढे बोलावू नये." "मुलाचा विषय त्यांनीच काढला तर बोलावं." "ऑपरेशन पुढच्या महिन्यात, तारीख विचारावी."

विश्वासाने सांगितलेली गुपितं आणि पापकबुली या वहीत येत नाहीत. पाळकांनाही हे आधी सांगून ठेवा. जिथे गरज असेल तिथे त्या व्यक्तीला विचारूनच लिहावं. वही कुलपात राहील आणि फक्त मधल्या काळात सेवा पाहणाऱ्या व्यक्तीला व नंतर नव्या पाळकाला दिली जाईल.

मधला काळ

जुने पाळक गेले, नवे आले नाहीत. हा काळ काही महिन्यांचा असू शकतो, कुठे वर्षाहून जास्तही. लोकांना तो रिकामा वाटतो, पण समितीवर सगळ्यात जास्त काम याच काळात येतं.

चार प्रश्नांची उत्तरं नावानिशी ठरवा आणि फळ्यावर लावा. उपदेश कोण करणार? प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा कोण देणार (बहुतेक परंपरांत यासाठी दीक्षित पाळकच लागतात, तेव्हा शेजारच्या मंडळीशी आधी बोलून ठेवा)? आजारी आणि शोकात असलेल्यांकडे कोण जाणार? आणि मध्यरात्री कोणाचं निधन झालं तर फोन कोण उचलणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'समिती' असं लिहू नका. एक नाव, एक नंबर.

शक्य असेल तर अंतरिम पाळक घ्या. उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकापासून या कामाचं वेगळं प्रशिक्षण मिळू लागलं, कारण मोठ्या कार्यकाळानंतर लगेच आलेले कायमचे पाळक वारंवार लवकर निघून जात असल्याचं लक्षात आलं होतं. अंतरिम पाळकाशी पहिल्याच दिवशी एक बाब लेखी ठरवावी: ते स्वतः कायमच्या जागेचे उमेदवार नसतील. ही अट कठोर वाटते, विशेषतः त्यांच्यावर लोकांचा जीव जडल्यावर. पण ती नसेल तर त्यांचा प्रत्येक उपदेश परीक्षा होऊन बसतो आणि अप्रिय सत्य सांगायला कोणी उरत नाही.

या काळात उपासनेची वेळ, गीतांची पद्धत, बसण्याची मांडणी असल्या गोष्टी बदलू नका. बऱ्याच जणांना वाटतं, पाळक नाहीत तोवर करून टाकू. तसं केलेलं नव्या पाळकाच्या माथी येतं.

अर्पण कमी होऊ शकतं. कोषाध्यक्षांनी दर महिन्याला जमाखर्च वाचून दाखवावा. तरुण संघ, संडे स्कूल, महिलांची प्रार्थनासभा चालू राहू द्या; मुलांना सांभाळणारी माणसं थकली आहेत का हे जाऊन विचारा, ती सहसा सांगत नाहीत.

मंडळीचं खरं चित्र

पाळक येण्याआधी मंडळीने आपल्याविषयी चार पानं लिहावीत, बिशप पाठवणार असले तरीसुद्धा. उपस्थिती आठवणीतून लिहू नका. हजेरीच्या किंवा प्रभुभोजनाच्या नोंदी काढून मोजा. आम्ही "साधारण दोनशे" म्हणत होतो, मोजल्यावर एकशे अठ्ठावीस भरले. कर्ज असेल तर लिहा. दोन घराण्यांत वाद असेल तर नावं न घेता तसं लिहा. मागचे दोन पाळक लवकर गेले असतील तर तेही लिहा. जो हे वाचूनही यायला तयार होतो, तो खरंच येतो.

निवड

तुमच्याकडे निवडीचा अधिकार असेल तर निवड समितीत सात ते नऊ जण पुरतात. त्यात तरुण हवेत, स्त्रिया हव्यात, आणि मंडळीच्या समितीवर नसलेला निदान एक साधा सभासद हवा. समितीतल्या चर्चा घरीसुद्धा बोलायच्या नाहीत. उमेदवार बहुतेकदा दुसऱ्या मंडळीत सेवा करत असतात आणि त्यांच्या लोकांना अजून काहीच माहीत नसतं.

मोह सर्वांना होतो तो एकच: मागच्याच्या अगदी उलट माणूस निवडायचा. मागचे पाळक अभ्यासू पण अबोल होते ना, मग आता हसरा, बोलका कोणी. मागच्यांचा जो गुण तुम्हाला गृहीत धरायची सवय झाली होती, तो नव्यात नसेल तर सहा महिन्यांत जाणवेल. त्यांचं काय चांगलं होतं याची यादी आधी करा.

उपदेश एकदाच ऐकू नका. मांडलेल्या व्यासपीठावर सगळेच बरे बोलतात. शक्य असेल तर उमेदवार आपल्या नेहमीच्या मंडळीत साध्या रविवारी बोलतात तेव्हा ऐका. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या अटी वाचल्या तर लक्षात येतं की वक्तृत्वापेक्षा घर, स्वभाव आणि पैशांविषयीचं मन यांवर तिथे जास्त भर आहे. पूर्वीच्या मंडळीत फोन करा, आणि दिलेल्या नावांपलीकडे आणखी एकाशी तरी बोला. मुलांच्या सुरक्षेची पडताळणी कोणालाही माफ करू नका, अगदी सगळ्यांच्या ओळखीचा माणूस असला तरी. पगार, सुटी, घर, अभ्यासाचा वेळ लेखी द्या.

निवड न झालेल्यांनाही पत्र लिहा. प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या जागी दोघांची नावं पुढे येतात, चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघते आणि योसेफ बर्सब्बाविषयी पुढे एक शब्दही नाही. मी ते वाचताना दर वेळी त्याच्यापाशी थांबतो. तुमच्या बर्सब्बाला दोन ओळी तरी मिळाव्यात, आणि त्या फोनवरून कोणीतरी सांगायच्या आत.

नवे पाळक आल्यावर

स्थापनाविधी मनापासून करा. बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मोशे सगळ्या मंडळीसमोर यहोशवावर हात ठेवतो, एका कोपऱ्यात नाही. शक्य असेल तर जुन्या पाळकांचं पत्र त्या दिवशी वाचा, पण ते स्वतः पुढचं एक वर्ष न येतील तर बरं. एखादं कुटुंब म्हणेल, "लग्न जुन्याच पाळकांनी लावावं." तेव्हा नियम असा: बोलावणं नव्या पाळकांकडून जाईल, त्यांच्याच परवानगीने. हे जुन्या पाळकांना निरोपाआधीच सांगून ठेवलं असेल तर त्यांनाही नाही म्हणणं सोपं जातं.

मागच्या माणसाची सावली किती लांब पडते, याचं एक उदाहरण जोनाथन एडवर्ड्स यांचं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनला त्यांचे आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड अर्धशतकाहून जास्त पाळक होते. सदाचारी माणसाला, स्पष्ट विश्वासकबुली नसली तरी, प्रभुभोजनाला येऊ द्यावं ही स्टॉडर्ड यांची रीत. १७२९ मध्ये ते वारले, एडवर्ड्स त्यांच्या जागी आले, आणि वीसेक वर्षं ती रीत चालली. मग एडवर्ड्सनी कबुली मागायला सुरुवात केली, आणि १७५० मध्ये मंडळीने त्यांनाच काढून टाकलं. तेव्हा नव्या पाळकाला एखादी जुनी रीत बदलायची असेल तर ती कोणाची होती आणि लोकांना ती का प्रिय आहे, हे तुम्ही त्यांना आधी सांगायला हवं. ते बाहेरचे असतात, त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही.

पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्याकडून नवे कार्यक्रम मागू नका. भेटी करू द्या. तुमच्यातलं कोणीतरी सोबत जा, घर दाखवा, ओळख करून द्या, आणि मग उठून बाहेर बसा.

आमचे तिसरे पाळक आले त्या आठवड्यात मी वही त्यांच्या हाती दिली. त्यांनी पहिली भेट त्याच आजींकडे ठरवली. मी दारात थांबलो होतो. प्रभुभोजन झालं, आजींनी कापडाची घडी केली, आणि त्यांना विचारलं, "आधीच्या पाळकांचा गुडघा कसा आहे आता?" मला अवघडल्यासारखं झालं. पाळक म्हणाले, "आज रात्री फोन करून विचारतो आणि पुढच्या महिन्यात आलो की सांगतो." पुढच्या महिन्यात त्यांनी सांगितलं.